बाहेरची माती

६ जुलै

"विरेलपकरांनो! आपलं प्रसूतिगृह बंद केलं तेव्हा आपल्याला कोणी विचारलं नाही. रेल्वेचे रूळ उखडले तेव्हा विचारलं नाही. आजूबाजूची सगळी पाणथळ चर खणून सुकवली तेव्हा तर इथल्या मूळच्या नूंगार लोकांना माणसांतच धरत नव्हते, मग विचारायचं कोणाला? आता शेवटचा तुकडा उरला आहे आणि त्याचंही दूर पर्थमध्ये बसून, आपल्याला न विचारता ठरतं आहे!"

भाषण इथपर्यंत जमलं. स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं म्हणून पाहिलं. शेजारचा डडली स्कॅडन कुंपणापलीकडून ओरडला, "मॉयरा, माझ्या गाईंनीसुद्धा मत दिलं तुला!" डडलीनं आयुष्यभर बटाटे आणि गाई सांभाळल्या, आणि त्याच्या बापानंच अर्धी पाणथळ सुकवली होती. आता तो आमच्या समितीचा खजिनदार आहे. माणूस बदलतो यावर माझा विश्वास आहे, तो डडलीमुळे.

खाणकंपनीला या शेवटच्या तुकड्याखालची, आमच्या पाणमाळाखालची काळी, जड वाळू हवी आहे. तिच्यातून म्हणे भिंतींच्या रंगात घालायचं पांढरं निघतं. जगाच्या भिंती उजळाव्यात म्हणून आमचा माळ खणायचा. हिवाळ्यात घोटाभर पाण्यात उभा असतो, उन्हाळ्यात तापल्या तव्यासारखा कडक होतो, आणि त्यावरची काही झुडपं पृथ्वीच्या पाठीवर दुसरीकडे कुठेही नाहीत. मंत्री मार्चमध्ये निकाल देणार. तोवर एवढी माणसं जमवायची की त्यांची सही करताना बोटं थरथरली पाहिजेत.

९ जुलै

कल्पना सुचली! पहाटे भांडी घासताना.

मोर्चाला येणाऱ्या प्रत्येकानं आपल्या घरची मूठभर माती आणायची. परसातली, शेतातली, कुंडीतली, कुठलीही. पाणमाळावर वाहायची. सगळ्यांच्या मातीचा एक ढीग. "ही जमीन आमची आहे" हे वाक्य ऐकून ऐकून लोकांचे कान किटलेत, पण हातात माती असलेला माणूस तेच वाक्य वेगळ्या आवाजात म्हणतो. जगातल्या चळवळींबद्दल मी जेवढं वाचलंय, त्यावरून एक शिकले: लोकांना नुसतं ऐकायला बोलावू नये, काहीतरी घेऊन यायला सांगावं.

डडली म्हणाला, "मी शेण आणलं तर चालेल का? तेही घरचंच."

मी माझी मूठ आत्ताच एका डब्यात भरून ठेवली. माझ्या नवऱ्यानं, लेस्टरनं लावलेल्या अॅव्होकॅडोच्या बुंध्यातली. झाड गेली दोन वर्षं शेंड्याकडून वाळतंय. लेस्टर गेला त्याच हिवाळ्यात सुरुवात झाली. लोक म्हणतील म्हातारी भावुक झाली, पण झाडांनाही माणूस गेलेला कळतो.

१४ जुलै

ग्वेन फारेल आली होती. वनखात्यात आहे, या भागातल्या रानाची राखण तिच्याकडे. मी इथली सुईण, हिचा जन्म माझ्या हातांत झाला. पायाळू होती, तिची आई रात्रभर ओरडत होती. आता चौतिशीची, खाकी शर्ट, आणि बोलणं असं की जणू प्रत्येक शब्दाची पावती द्यायची आहे.

"मॉयरा मावशी, माती आणू नका सांगा."

"का?"

"मर."

मला माहीत आहे मर. इथं कोणाला माहीत नाही? मुळं कुजवणारा रोग, मातीतून येतो, पाण्यातून पसरतो. जंगलात कितीतरी ठिकाणी पाट्या आहेत. मी म्हटलं, "अगं, मर जंगलात असते. लोक गुलाबाच्या वाफ्यातली चिमूट आणणार आहेत."

"मावशी, कुठल्या चिमटीत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. आणि बूट. निदान बूट तरी धुवायला लावा. फाटकाजवळ हौद ठेवलाय, ब्रश आहे, औषधाचं पाणी आहे. प्रत्येकानं टाचांपर्यंत..."

"तो हौद कोणी दिलाय?"

तिनं पुन्हा ब्रशचं काढलं.

"बोल ना. त्याच्यावर पिवळं वर्तुळ रंगवलंय ते कोणाचं?"

"खात्याकडे पैसे नव्हते. कंपनीनं दिला. पाणी तेच असतं, मावशी."

हेच ते. कंपनी हौद देते, खातं घेतं, आणि उद्या कंपनीच्या माहितीपत्रकात फोटो: आमचे आंदोलकसुद्धा आमच्याच हौदात पाय धुतात. मी तिला सांगितलं, जिनं आम्हाला खणायचं ठरवलंय तिच्या पाण्यानं आम्ही पाय धुणार नाही. ती म्हणाली, "मग घरून धुऊन या, कंपनीचं पाणी नको तर तुमचं वापरा, पण धुवा." तेव्हा मी दुसऱ्याच गोष्टीवर गेले. मला माझा स्वभाव माहीत आहे, जिंकत आले की मागचं ऐकू येत नाही.

जाताना परसातून गेली. अॅव्होकॅडोपाशी थांबली, वर शेंड्याकडे पाहिलं, मग खाली बुंध्याकडे. "हे कधीपासून?" "लेस्टर गेल्यापासून," मी म्हटलं. फाटकापाशी जाऊन गाडीतून ब्रश काढला आणि माझ्याच फाटकात उभी राहून बुटांचे तळवे खरवडले, वरून बाटलीतलं काहीतरी शिंपडलं.

माझ्या घरची माती पायाला लागली तर विटाळ होतो का? या पोरीला मी जगात आणलं!

२० जुलै

जुलै म्हणजे आमचा ऐन हिवाळा, हात थंडीनं आखडलेत, तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

लोकच लोक! अल्बनीहून, बनबरीहून, पर्थहून बसगाड्या. पाणमाळ काठोकाठ भरलेला, आभाळ त्यात उतरलेलं, आणि आम्ही रांगेनं पाण्यातून चाललो. बल्गांच्या मधून. दोन माणसांएवढी उंच, काळ्या खोडाची, कमरेला गवताचा घागरा गुंडाळलेली ती झाडं; कित्येक शतकांची म्हातारी. एका शाळेतल्या पोरी प्रत्येक बल्गाला "गुड मॉर्निंग आजी" म्हणत होत्या.

फाटकापाशी तो हौद होताच. ग्वेन बाजूला ब्रश हातात धरून उभी, एकटी. मी रांगेच्या पुढे होते. थांबले. मागे वळून म्हटलं, "मित्रांनो, हे पिवळं वर्तुळ ओळखलंत? हे आपले पाय स्वच्छ करायला निघालेत! आधी त्यांनी आपले हात स्वच्छ करावेत!" अशी टाळी पडली की बगळे उडाले. आणि सगळे हौदाला वळसा घालून आत आले, एकूण एक. ग्वेननं मान खाली घातली. मला क्षणभर वाईट वाटलं.

भाषणात मी प्रसूतिगृहाच्या लढ्यातली माझी जुनी गोष्ट सांगितली, लोक तीच मागतात. दीडेकशे वर्षांपूर्वीचा तो डॉक्टर. बाळंतिणी तापानं मरत होत्या, आणि तो सांगत होता की प्रेतं चिरून थेट बाळंतिणीकडे येता, हात धुवा. मोठे मोठे वैद्य हसले. म्हणाले, सभ्य माणसाचे हात मुळातच स्वच्छ असतात. "आणि बाया मरत राहिल्या!" या वाक्याला मी नेहमी थांबते. आजही थांबले. कंपनीचं अगदी तसंच आहे, सभ्य माणसं, स्वच्छ हात.

ढीग कुठे करायचा ते मीच ठरवलं होतं: वरच्या अंगाला, जिथून ओढ्याचं पाणी पाणमाळात शिरतं तिथे. म्हणजे आपली माती पाण्याबरोबर सगळ्या माळात मिसळेल. हे वाक्य मी बोलले तेव्हा एक बाई रडली. लोक एकेक मूठ टाकत गेले. काळी, तांबडी, राखाडी माती. लेस्टरची माझी मूठ सगळ्यांत आधी.

ऑलिव्ह मावशीनं काही टाकलं नाही. ती नूंगार, हा माळ तिच्या आज्यापणज्यांचा. वय ऐंशीच्या पुढे, पत्ते खेळताना मला दरवेळी लुटते. तिनं काठाची वाळू घेतली, तळहातावर चोळली, हळूच पाण्यात टाकली आणि पाण्याशी काहीतरी बोलली. पाण्यातला वागल, तो जुना सर्प, त्याला आपला वास ओळखू द्यायचा असतो. मग ढिगाकडे बघून मला म्हणाली, "एवढी सगळी पाहुणी माती. इथल्या मातीला कोणी विचारलं का, आत येऊ का म्हणून?"

मी म्हटलं, "मावशी, हे लोक तुमच्याच बाजूचे आहेत."

"हो गं पोरी. पाहुणे नेहमी आपल्याच बाजूचे असतात."

खूप दमली होती बिचारी. तिला गाडीपर्यंत पोचवलं.

२१ जुलै

टीव्हीच्या बातम्यांत दाखवलं. ढिगाचं चित्र, मग माझं तोंड. डडली म्हणतो, ढीग जास्त चांगला दिसला.

१८ ऑगस्ट

दर रविवारी फेरी सुरू केली. पर्थहून लोक येतात, मी हिंडवते, प्रत्येकजण आपली मूठ टाकतो. दवबिंदूची रोपटी उमललीत, लाल, चिकट, माशा खाणारी. बेडूक इतके ओरडतात की मला भाषण मध्येच तोडावं लागतं. जिवंत आहे! हे शब्द मी प्रत्येक फेरीत म्हणते. "ऐका, जिवंत आहे!"

ग्वेननं हौद हलवून फाटकाच्या ऐन मधोमध ठेवला. आम्ही कुंपणातून वाट काढली.

२९ सप्टेंबर

पाणमाळावरच्या बुटक्या बँक्सिया झुडपांना फुलं आली. शब्द नाहीत. माझ्याकडे शब्द नाहीत असं मी आयुष्यात दुसऱ्यांदा लिहितेय.

९ नोव्हेंबर

पाणी ओसरलं. ढिगाजवळच्या दोन बँक्सिया पिवळ्या पडल्यात. यंदा उन्हाळा लवकर आला.

३० नोव्हेंबर

दोन नव्हे. ढिगाच्या खालच्या बाजूला पंख्यासारख्या पट्ट्यात. काही पिवळ्या, काही तांबूस, पानं गळत नाहीत, तशीच फांदीवर वाळून उभी. मी हात लावला तर कुरकुरली. डडलीला नेऊन दाखवलं. त्यानं टोपी काढली, घातली, परत काढली.

"पाणी कमी पडलं असेल," तो म्हणाला.

"पाणमाळाला?"

"मग तू सांग."

मनात आलं ते लिहून ठेवते: वाळणारी झाडं बरोबर आमच्या ढिगापाशीच का? आमच्या प्रतीकापाशीच? ज्याला आमचं नाक कापायचं असेल तो आणखी कुठे विष टाकेल?

१२ डिसेंबर

एक बल्गा गेली. सगळ्यांत मोठी. शाळेतल्या पोरी जिला सगळ्यांत आधी गुड मॉर्निंग म्हणाल्या ती. परवा मधली पानं फिकी होती, आज सगळा घागरा खाली कोसळलेला, तपकिरी. बोटानं ओढलं तर शेंड्याचा गाभाच हातात आला, ओला, आंबूस वासाचा. इतकी वर्षं बाळंतपणं केली, काही वास ओळखता येतात. हा आजाराचा वास आहे.

विष! दुसरं काय?

आज फाटकाजवळ कंपनीच्या माणसाची गाडी होती. मला बघून त्यानं हात केला. हसून.

१० जानेवारी

भर उन्हाळ्यात पाऊस! उत्तरेकडच्या चक्रीवादळाचं शेपूट इथवर आलं. दोन दिवस धो धो. ओढा ढिगावरून वाहिला, माती पुष्कळशी पसरली. माळ पुन्हा भरला, पाणी कोमट, बेडूकही भलत्या वेळी जागे झाले. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून हसत होते. आता सगळं परत हिरवं होणार. विष असलं तर धुऊन जाईल.

२ फेब्रुवारी

हिरवं झालं नाही.

पंखा रुंद झालाय. पावसाचं पाणी जिथवर गेलं तिथवर. अग्निरेषेच्या, वणवा अडवायला काढलेल्या कच्च्या रस्त्यापर्यंत सगळं तांबूस. काळे काकाकुवा दरवर्षी या दिवसांत बँक्सियाच्या बिया फोडायला येतात, करकर करत. यंदा आले, वर घिरट्या घातल्या आणि पूर्वेकडे निघून गेले. आवाज बराच वेळ ऐकू येत होता. मग तोही नाही.

५ फेब्रुवारी

रेडिओवर बोलले. आडपडदा ठेवला नाही. "पाणमाळावर विष टाकलं गेलं आहे, आणि याचा फायदा कोणाला हे शेंबडं पोरही सांगेल." दिवसभर फोन वाजतोय. १५ मार्चला, निकालाच्या आदल्या आठवड्यात, दुसरा मोर्चा जाहीर केला. जुलैच्या दुप्पट लोक. सगळा माळ ओलांडायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रस्त्यापलीकडे पूर्वेचा अर्धा भाग अजून शाबूत आहे. तिथे सभा. नवी माती आणा, असंही सांगितलं.

कंपनीनं फक्त एवढंच म्हटलं की त्यांना चिंता वाटते. इतक्या मऊ आवाजात की माझ्या अंगावर काटा आला.

ग्वेनच्या कचेरीत जाऊन वाळलेल्या झुडपांची मुळं तिच्या टेबलावर ठेवली. "घे. तपास. आणि विष नाही म्हणून दाखव."

तिनं मुळं पिशवीत घातली. म्हणाली, "ढिगातलीही थोडी माती घेऊ का, मावशी?"

"काय हवं ते घे."

२४ फेब्रुवारी

ग्वेन आली. बसली नाही. चहा नको म्हणाली. इथं कोणी चहा नको म्हणालं की समजावं.

"विष नाही. मर आहे."

मी म्हटलं, "मग कंपनीच्या गाड्यांबरोबर आली."

"कंपनीच्या गाड्या दक्षिणेच्या फाटकातून येतात. तिकडे एक पान पिवळं नाही. सुरुवात ढिगापासून आहे, मावशी. ढिगातल्या मातीत आहे, आणि तिथून पाण्याच्या उताराबरोबर खाली."

"कोणाच्या मातीत?"

ती खिडकीतून परसाकडे बघत होती. "ते सांगता येणार नाही. सगळं मिसळलंय. किती माणसांची माती, किती बूट. कोणाचीही असेल."

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. की तू विकली गेलीस, की तुझी आई आज असती तर लाजली असती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ढिगाच्या बाजूचा माळ गेला. औषध फवारता येतं, पण त्यानं ती बरी होत नाही, थोडी थोपते. रस्त्यापलीकडचा पूर्वेचा भाग अजून स्वच्छ आहे. तिथे कोणाचा पाय पडला नाही म्हणून. पंधरा मार्चला तुम्ही लोकांना ढिगावरून, इकडच्या चिखलातून सरळ तिकडे नेणार आहात. आणि हवामानखातं म्हणतंय, त्याच आठवड्यात हंगामाचा पहिला पाऊस."

"मग हे जाहीर कर."

"मी अहवाल वर पाठवलाय. वरचे तो निकालापर्यंत दाबून ठेवतील. वेळेत सांगू शकेल असं माणूस एकच आहे."

दारात वळून म्हणाली, "आणि सांगितलंत तर कंपनी काय म्हणेल तेही मला माहीत आहे. मेलेलाच माळ आहे, खणू द्या. हे मी तुमच्यापासून लपवत नाही."

फाटकापाशी तिनं पुन्हा बूट खरवडले. यावेळी मी खिडकीतून शेवटपर्यंत बघत राहिले.

२६ फेब्रुवारी

समितीची बैठक, डडलीच्या गोठ्यामागच्या खोलीत. मी सगळं सांगितलं. 

डडली म्हणाला, "मार्चपर्यंत गप्प बसायचं. निकाल लागू दे. मग काय ती मर, काय ती फवारणी, बघू."

"आणि मोर्चा?"

"मोर्चा काढायचाच. निदान गाजेल तरी! मॉयरा, तू आजवर एकदा तरी सभा रद्द केलीयस? लेस्टरच्या अंत्यविधीच्या दुपारीसुद्धा तू बोललीस."

"पूर्वेचा भाग, डडली."

"अगं, खाण झाली तर पूर्व आणि पश्चिम दोन्ही जाणार! थोडी मर लागली तर निम्मा राहील. खाण झाली तर खड्डा. हिशेब सोपा आहे."

त्याचं चुकलं कुठे ते मला लगेच दाखवता आलं नाही. हात वर झाले. माझा सोडून सगळे. माझा हात कुठे होता ते मला आठवत नाही.

१ मार्च

ऑलिव्ह मावशीकडे गेले. ती पत्ते पिसत होती. मी बोलायला लागले तर म्हणाली, "आधी डाव." हरले. मग बोलले.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"मला रोगाचं नाव माहीत नव्हतं. पण आमच्यात कोणी परक्याच्या जागेत आपली माती घेऊन जात नाही. त्या जागेची उचलायची, तिच्याच पाण्यात टाकायची. का ते कोणी सांगत नाही. बायका सांगतात, मुलं करतात."

"मला अडवलं का नाही?"

ती हसली. तिला दात नाहीत, तरी ते हसणं चावतं. "पोरी, तुझ्यापुढे ध्वनिक्षेपक होता. माझ्यापुढे पाणी होतं. मी ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी बोलले. तुला अडवायला त्या दिवशी कोणाची छाती होती? एक ती ग्वेन उभी राहिली ब्रश घेऊन, आणि तिचं तू काय केलंस?"

पत्ते पुढे सरकवले. "काप."

मी म्हटलं, "सांगितलं तर कदाचित माळ जाईल."

"माळ तुझ्या भाषणानं आला नव्हता," ती म्हणाली. "काप म्हटलं ना."

७ मार्च

पोस्टापाशी एक बाई भेटली, मिडलँडहून मोर्चाला येणार आहे. तिच्या हातात जॅमची बरणी, तिच्यात ओलसर काळी माती. "लेकीच्या लिंबाखालची," म्हणाली. "तुमचं भाषण ऐकल्यापासून जपून ठेवलीय. ओली ठेवायची ना?"

मी तिच्याकडे पाहिलं आणि बाळंतिणीच्या खोलीत हात न धुता शिरणारे ते सभ्य वैद्य आठवले. ते वाईट नव्हते. ते बरं करायलाच येत होते. ही गोष्ट मी आयुष्यभर सांगितली आणि दर वेळी मी त्यात त्या एकट्या, हात धुणाऱ्या माणसाच्या जागी उभी होते.

मी त्या बाईला काहीच म्हटलं नाही. हसले. बहुतेक कंपनीचा माणूस हसला होता तशीच.

९ मार्च

दक्षिणेकडे ढग. कोरडे अजून, पण वास यायला लागलाय.

आज पूर्वेच्या भागाच्या कडेपर्यंत गेले. कच्च्या रस्त्यावरच थांबले, पुढे पाऊल टाकलं नाही. पलीकडे सगळं हिरवं, राखाडी, शांत. बल्गा उभ्या, घागरे नीट. कुठेतरी काकाकुवा बी फोडत होता, टक, टक. माझ्या मागे सगळं तांबूस. मध्ये फक्त रस्त्याची रुंदी. रस्त्याच्या चाकोरीत उतार कुठे आहे ते मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. तो पूर्वेकडे आहे.

१० मार्च

परसातलं झाड आज सकाळी बराच वेळ बघत होते. वरचे शेंडे काड्या झालेत. बुंध्याशी नखानं खरवडलं, तर आतून तेच, तपकिरी, ओलं. तोच वास.

ग्वेनला मी काही विचारणार नाही. विचारलं तर तिला माझ्यासाठी दुसऱ्यांदा खोटं बोलावं लागेल.

दुपारी फाटकात बसून बूट धुतले. ब्रशनं, साबणानं, औषधाच्या पाण्यानं. ते तिनं दाराशी ठेवून दिलं होतं, फेब्रुवारीतच. बाटलीवर पिवळं वर्तुळ. धुतले. डडली कुंपणापाशी येऊन उभा राहिला.

"म्हणजे ठरलं तर तुझं," तो म्हणाला.

"रेडिओवाल्यांनी उद्या सकाळची वेळ दिलीय."

"समितीनं मत दिलंय, मॉयरा."

"समिती राजीनामा मागू शकते."

"लोक तुझ्या तोंडावर थुंकतील. कंपनीवाले केक कापतील."

"हो."

त्यानं माझ्या धुतलेल्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "माझ्या बापानं पाणी काढून माळ मारला. आपण माती घालून. एकेकाचा हातगुण असतो बाई." आणि आत गेला. थोड्या वेळानं त्याचाही नळ सुरू झाल्याचा आवाज आला, आणि ब्रशचा.

११ मार्च

हे उद्या नाही, आज वाचायचं. तासाभरानं. खोडाखोड नको.

विरेलपकरांनो, आणि अल्बनी, बनबरी, पर्थहून आलेल्या सगळ्यांनो. ज्यांना कोणी कधी विचारलं नाही त्या तुम्हाला मी जुलैत हाक मारली. तुम्ही थंडीत, पाण्यात आलात. मी तुम्हाला माती आणायला सांगितली. तुम्ही आणलीत. पाय धुऊ नका म्हटलं. तुम्ही हौदाला वळसा घातलात.

पाणमाळावर विष पडलेलं नाही. मी रेडिओवर कंपनीवर केलेला आरोप खोटा होता, तो परत घेते. माळाला मर लागली आहे. ती आपल्या ढिगातल्या मातीतून आली आणि आपण बुटांनी ती पसरवली. सगळ्यांत पहिली मूठ माझी होती, आणि ती एका मरणाऱ्या झाडाखालची होती. तुमच्यापैकी कोणालाही रात्री झोप लागली नाही तर एवढं आठवा.

आपल्याला न विचारता ठरवतात म्हणून आपण चिडलो होतो. आपणही त्या माळाला विचारलं नाही.

कंपनी आज म्हणेल, मेलाच आहे तर खणू द्या. तो मेलेला नाही. रस्त्याच्या पूर्वेला निम्मा माळ जिवंत आहे, आणि तो जिवंत आहे कारण तिथे आपल्यापैकी कोणी गेलेलं नाही. निकालाविरुद्ध आपण लढू, कागदावर, कोर्टात, मंत्र्याच्या दारात. पण त्या मातीवर नाही. शनिवारी पाऊस येतोय. तुमच्या चांगल्या मनानं भरलेले हजारो बूट त्या पावसात रस्ता ओलांडतील, आणि मग वाचवायला काही उरणार नाही.

मी आयुष्यभर लोकांना या म्हणत आले. आज पहिल्यांदा उलटं सांगते आहे, आणि हे ऐकलंत तर माझ्या सगळ्या भाषणांचं सोनं झालं असं मी समजेन.

शनिवारी पाणमाळावर येऊ नका.